पांढऱ्या फडक्याचं घर

प्रिय नेल्माताई,

हे पत्र मी दोन आठवडे टाळलं. कागद नाही, पेन नाही, पत्ता नाही, अशी कारणं मी माझी मलाच देत होतो आणि त्यातलं एकही खरं नव्हतं. खरं कारण पुढे येईलच. आधी कामाचं तेवढं सांगतो. तुझा नवरा फ्रोइलान इकडे यायला निघालाय. त्याला गावाचं नाव कळलंय. काल संध्याकाळी सीमा ओलांडताना मी त्याला तिथे अडवलेला पाहिला. ट्रकचे कागद मालकाच्या नावावर आहेत म्हणून अडकलाय, पण ट्रक तिथेच सोडून बसने निघाला असेल तर आज तीनपर्यंत इथे पोचतो. आत्ता बाराला दहा कमी आहेत. दोन वाजता चौकातून गाडी सुटते, तिच्यात बस. एवढं वाचून उठलीस तरी चालेल. आणि माझ्यावर विश्वास बसत नसेल, बसू नये अशीच माझी करणी आहे, तर पुढचं वाच.

मी तुझ्या खिडकीच्या अगदी समोर आहे. पावाच्या भट्टीबाहेर जो बाक आहे ना, त्यावर. भट्टीच्या आत यायचीही मला परवानगी नाही. साबीनाबाईंनी कोपरापर्यंत पीठ लागलेल्या हातांनी दार अडवलं आणि म्हणाल्या, "इथं कुणी नेल्मा नाही. पाव घ्यायचा तर घे, नाहीतर चालायला लाग." मी फोटो दाखवला. ती चूकच झाली. "फोटो दाखवत फिरणारे दोनच प्रकारचे असतात, पोलीस नाहीतर नवरे. तू कोण?" मी म्हटलं, भाऊ. तर त्या म्हणाल्या, "मग तू नवऱ्यापेक्षा वाईट. नवरा मारतो, भाऊ उचलून परत त्याच्याच दारात नेऊन टाकतो." ताई, त्यांना कुणी सांगितलं होतं का हे? की सगळ्यांच्याच भावांचं असं असतं? मग त्यांनी हिशेबाच्या वहीतली कोरी पानं फाडून माझ्या अंगावर टाकली. "लिही काय ते. तशी कुणी असलीच तर मिळेल तिला. पण आधी मी वाचणार. पटलं तर पुढे जाईल, नाही पटलं तर भट्टीत." तेव्हा साबीनाबाई, तुम्ही हे वाचताय ते मला माहीत आहे. अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या. सहावीनंतर मी फारसं काही लिहिलेलं नाही.

शाळेत मी भूगोलात दोनदा नापास झालो, आठवतं? मास्तर भिंतीवर नकाशा लावायचे आणि मला तो ओल धरलेल्या भिंतीसारखा दिसायचा. पण घर सोडल्यापासून बसच्या खिडकीतून जे जे पाहिलं ते डोक्यातून गेलंच नाही. तारिहाला द्राक्षं तोडली, उयुनीला मिठाची पोती भरली, सांताक्रूसला विटा वाहिल्या. कुठेच टिकलो नाही, पण कुठल्या गावात विजेचे खांब लाकडी, कुठे सिमेंटचे, कुठे छपरावर पाण्याची टाकी काळी आणि कुठे निळी, हे मला झोपेतून उठवून विचार. चार लोकांना चर्च दिसतं, मला चर्चपुढचं गटाराचं झाकण दिसतं. तर फोनवर आमचा एक गट आहे, 'सांग कुठे' नावाचा. कुणीतरी एखाद्या घराचा, माळाचा, रस्त्याचा फोटो टाकायचा आणि बाकीच्यांनी जागा ओळखायची. बक्षीस वगैरे काही नाही, नुसती शेखी. चारशे माणसं आहेत आणि खरं नाव कुणाचंच कुणाला ठाऊक नाही. मला तिथे 'कंडक्टर' म्हणतात, कारण मी थांब्यांची नावं पुकारावीत तशी उत्तरं देतो. उयुनीला एकदा नुसत्या कुत्र्याच्या फोटोवरून मी गाव सांगितलं होतं, कुत्र्यामागच्या मातीवरून. ती गोष्ट मोठी आहे, राहू दे. वेळ नाही.

सतरा दिवसांपूर्वी, शुक्रवारी, गटात एक फोटो आला. वरच्या मजल्यावरून काढलेला. समोर मातीच्या विटांचं, कौलारू घर, दारावर आडवी काठी, काठीला पांढरं फडकं. मागे निलगिरीची रांग, त्यामागे मधोमध खाच पडलेली टेकडी. डाव्या कडेला अर्धी कापली गेलेली भिंत, तिच्यावर काहीतरी रंगवलेलं. फोटो टाकणारा नवीन होता, नाव 'नातू'. त्याने लिहिलं होतं, "आजोबांच्या पेटीत सापडला. गावाचं नाव न सांगताच गेले बिचारे. कुणी ओळखेल का?" मला चाळीस सेकंद लागले. आपल्या खोऱ्यातल्या माणसाला काठीवर पांढरं फडकं दिसलं की दुसरं काही दिसतच नाही. आत चिचा, म्हणजे मक्याची दारू, तयार आहे, या बसा, प्या, हे आपण चालायला शिकायच्या आधीच शिकलेलो असतो. मी ठोकून दिलं, "चिचेचं घर! कोचाबांबाचं वरचं खोरं, क्लिसाच्या पुढे, तोको. उतरा खाली!" लोकांनी वाहवा केली. नातूने लिहिलं, "देव तुझं भलं करो, कंडक्टर." त्या दिवशी मी स्वतःवर इतका खूश होतो की जेवताना एकटाच हसत होतो. पेटीत सापडलेल्या फोटोत विजेच्या तारा इतक्या नव्या कशा, हे मी स्वतःला विचारलं नाही.

रविवारी आईकडे गेलो. दारातच म्हणाली, "ये रे भटक्या, बघ, तुझ्या बहिणीला खिडकी मिळाली." आणि फोन माझ्या हातात दिला. तिनेच तुला लिहिलं होतं ना, कुठे आहेस ते सांगू नकोस, पण जिथे आहेस तिथे खिडकी आहे का तेवढं सांग? आणि तू तिच्या समाधानासाठी खिडकीतून दिसतं ते पाठवलंस. ना तुझा चेहरा, ना एक अक्षर. काळजी घेतलीस तू, ताई. तुझं काहीच चुकलं नाही. नातूने गटात टाकलेला तोच फोटो होता. विचारलं, "आई, हा फोटो आणखी कुणी पाहिला?" "कुणी नाही रे. फ्रोइलान येऊन गेला बुधवारी. बिचारा कोंबडी घेऊन आला होता. माझ्या फोनचा आवाज जात होता, तो त्याने बसून नीट करून दिला." बिचारा! मी आईला सांगितलं की त्या फोनवरून आता कुणाला काही कळवू नकोस, तो फ्रोइलानच्या हातात होता. पण नातू म्हणजे फ्रोइलान हे मला कळलं होतं, तर कंडक्टर म्हणजे मी हेही तिला सांगायला हवं होतं. ते सांगितलं नाही. शेजारणीच्या फोनवरून तुला दोन ओळी टाकता आल्या असत्या. पण त्या दोन ओळींत मला 'मी' असा शब्द लिहावा लागला असता. म्हणून उद्या टाकू, परवा टाकू.

सोमवारी सकाळी तोकोला गेलो, तुला त्याच्याआधी गाठायला. गल्ल्या पालथ्या घातल्या. पांढरी फडकी होती, निलगिरी होती, पण ती खाच असलेली टेकडी कुठेच नव्हती. चौकात उभा राहून चारी बाजूंना बघत होतो, तेवढ्यात मागून मानेवर हात पडला. "काय मेव्हणे! वाट चुकलात का काय?" फ्रोइलान. चिचेने डोळे लाल, पण शुद्ध पक्की. मला ओढत एका फडक्याच्या घरात घेऊन गेला, वाडगा भरला, रीतीप्रमाणे पहिला घोट जमिनीवर सांडला आणि म्हणाला, "तुझ्या बहिणीची फार आठवण येते रे." हे बोलताना त्याचा हात माझ्या मानेवरच होता. सबंध वेळ तिथेच होता. "कुणा कंडक्टर नावाच्या गाढवाने सांगितलं की ती या गावात आहे. सोळा घरं झाली. प्रत्येक घरात दोन वाडगे प्यायल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही. मी मरेन रे असा!" तो हसला. मीही हसलो. मग त्याने फोटो माझ्या नाकासमोर धरला. "तू एवढा उनाड, गावोगाव हिंडलेला. बघ बरं तू." फोटो त्याच्या हातात, मान त्याच्या हातात आणि उघड्या दारातून नुसती सपाट टेकडी दिसतेय. तेव्हा मला कळलं की मी चुकलोय आणि आयुष्यात पहिल्यांदा चुकल्याचा इतका आनंद झाला. मी म्हटलं, "अरानीच्या बाजूचं वाटतंय, दाजी. तिकडे घरं फार आहेत, सावकाश बघावं लागेल." त्याने मान सोडली आणि पाठीवर थाप मारली. "तू आपला माणूस आहेस, लिंबेर. मागच्या वेळीही तूच आणून दिलीस तिला."

हे त्याचं वाक्य मी तुला लिहिणार नव्हतो. साबीनाबाईंनी नुकतंच दारातून डोकावून विचारलं, "झालं का? पुराण लिहितोयस का?" म्हणून घाईत लिहून गेलो. असू दे.

दहा दिवस तो अरानीकडे दारोदार हिंडला आणि मी समजत होतो की आता सगळं आपोआप मिटेल. दमेल, कंटाळेल, ट्रकवर परत जाईल. परवाच्या गुरुवारी गटात एकाने जुना फोटो पुन्हा वर काढला. त्याला आम्ही 'मास्तर' म्हणतो. पलीकडच्या, म्हणजे इकडच्या, पेरूतला निवृत्त शिक्षक आहे. फार सभ्य माणूस. कुणी चुकलं तर आधी माफी मागतो. त्याने लिहिलं, "माफ करा, कंडक्टर, या वेळी तुमची गाडी भलत्या रस्त्याला लागली. कोपऱ्यातली भिंत बघा. निवडणुकीचं चिन्ह आहे आणि त्यावर फुली. मत कसं द्यायचं ते आमच्याकडे असं रंगवून दाखवतात. आणि आमच्याकडे चिचेला लाल फडकं लावतात. पांढरं म्हणजे आज पाव भाजलाय." खाली या गावाचं नाव. मी ते इथे लिहीत नाही. आता मी कुठल्याच कागदावर कुठल्याच गावाचं नाव लिहिणार नाही. गट चालवणाऱ्याला मी अकरा निरोप पाठवले, पुसा ते, पाया पडतो, पुसा. त्याने पुसलं. पण नातूने वाचल्याची खूण त्याआधीच उमटली होती. दुसऱ्या दिवशी फ्रोइलानने आईला फोन केला. "नेल्माला आणायला चाललोय. तिच्यासाठी काही द्यायचंय का?" आणि आईने दिलं, ताई. भाजलेले शेंगदाणे बांधून दिले. का दिलेस म्हणून मी ओरडलो तर म्हणाली, "भूक लागली असेल तिला."

मग मी निघालो. बसमागून बस. आज सकाळी सातला इथे उतरलो आणि टेकडीची खाच मधोमध येईपर्यंत गल्लीगल्लीतून मागे मागे चालत राहिलो. खाच जरा डावीकडे, अजून डावीकडे, आणि मग निलगिरीच्या बरोबर मागे आली. वर बघतो तर पांढरं फडकं, खाली पावाचा वास. मी इतका हादरलो होतो की साबीनाबाईंना पहिलं वाक्य काय बोललो असेन? "चिचा मिळेल का?" त्या म्हणाल्या, "तोंड बघ आणि वेळ बघ! चिचा हवी तर लाल फडकं शोध." मागे वळलो तर तुझी खिडकी. आतून कागद लावलेला. कागदाचा एक कोपरा हलला, की वारा होता, मला माहीत नाही. तू असशील तर तू मला पाहिलंस आणि दार उघडलं नाहीस. बरोबर केलंस.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. दोन वर्षांपूर्वी तू घरी आलीस, डावा हात शालीत गुंडाळलेला. आईने विचारलं नाही, मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, पोचवून ये हिला. मी लगेच उठलो, कारण मला बसचा प्रवास आवडतो. खरंच, एवढंच कारण होतं. सबंध रस्ता मी तुला खांबांच्या गमती सांगत होतो. थांब्यावर जांभळ्या मक्याचं गरम आपी आणलं. तुला कप धरता येईना, तर मी धरला आणि मनात म्हटलं, मी किती चांगला भाऊ आहे. तू खिडकीबाहेर बघत होतीस. एकदाच म्हणालीस, "लिंबेर, ही बस पुढे कुठे जाते?" मी अभिमानाने पुढचे सगळे थांबे घडाघडा म्हणून दाखवले. ताई, तुला थांबे नको होते. तू मला विचारत होतीस की आपण उतरलोच नाही तर चालेल का. मला चारशे माणसांचे फोटो ओळखता येतात आणि शेजारी बसलेल्या बहिणीचा एक प्रश्न ओळखता आला नाही. फ्रोइलानच्या दारात तू मागे वळून पाहिलं नाहीस. परतीच्या बसमध्ये मला छान झोप लागली.

हे पत्र तुला धोका कळवायला लिहिलेलं नाही, तेवढं तर एका ओळीत झालं असतं. पण भाऊ दाराशी आलाय म्हटल्यावर तू समजशील की मी पुन्हा तुला पोचवायला आलोय, आणि तू आतून कडी घालून तीन वाजेपर्यंत बसून राहशील. म्हणून मी काय काय केलं ते सगळं लिहिलं. मी तुला न्यायला आलेलो नाही. दोनच्या गाडीत तू एकटी बस. कुठे जाणार ते मला सांगू नकोस, आईलाही नको. खिडकीचा फोटो कुणालाच पाठवू नकोस. मला पाठवलास तर मी ओळखेन, ती खोड जाणार नाही. मी याच बाकावर थांबतो. तो आला की सांगणार आहे की कंडक्टर मीच. पुढे काय होईल ते होईल, पण तेवढा वेळ तरी तो इथे अडकेल.

पत्राची घडी घातली होती, पुन्हा उघडली. सव्वा वाजलाय. कोपऱ्यावर रिक्षा थांबली तेव्हा तोच आला असं वाटून मी उठून उभा राहिलो. पण उतरली ती तुझी सासू. एकटी. गुडघे धरत, धापा टाकत, या गावातली ही तिसरी भट्टी म्हणाली. सीमेच्या दुसऱ्या नाक्यावरून बसने आलीय, मुलाला न सांगता. साबीनाबाईंनी दार अडवून तिलाही विचारलं, "तू कोण?" ती म्हणाली, "मारणाऱ्याची आई." लहानपणी ती कापडाची गाठोडी घेऊन इकडच्या बाजारांत यायची. फ्रोइलानने फोटो दाखवून विचारलं, आई, ही चिचाच ना, तेव्हा तिने पहिल्याच दिवशी पाव ओळखला होता. पण त्याला म्हणाली, "दुसरं काय असणार, पोरा." साबीनाबाई बाजूला झाल्या. मला दीड तास बाहेर बसवलं, तिला आत घेतलं. तिने पोलक्यात हात घालून तुझं ओळखपत्र काढलं, त्याने कपाटात कुलूप लावून ठेवलेलं, आणि ते माझ्या हातात देऊन म्हणाली, "हे घडीत घाल आणि दे लवकर. तो बसमध्ये आहे, मघाशीच फोनवर म्हणाला. मी दारात बसते."

तुझाच,
लिंबेर